पाय मिळेपर्यंतचा रस्ता

केंद्रात तिला सगळे चालताई म्हणत. अपघातात किंवा आजारात पाय गमावलेली माणसं नवा पाय लावून तिच्यासमोर उभी राहत आणि दोन दांड्यांच्या मध्ये, तिच्या आवाजाच्या आधाराने, पहिली पावलं टाकत. "खाली बघू नका, पाय कुठे पळून जात नाही," ती म्हणायची, आणि घामाघूम झालेला माणूससुद्धा हसायचा. हे काम ती इतकी वर्षं करत होती की बाजारात पुढे चालणाऱ्या अनोळखी माणसाचा कुठला गुडघा दुखतोय ते तिला मागून कळायचं. नवऱ्याला ही सवय मुळीच पसंत नव्हती. "लोकांच्या पायांकडे बघत चालतेस, एक दिवस खांबावर आपटशील," तो म्हणायचा.

केंद्राची इमारत लांबट, एकमजली होती. एका टोकाला नोंदणी, तिच्या शेजारी प्लास्टरची खोली, मग अंगण ओलांडून वर्कशॉप आणि पार दुसऱ्या टोकाला चालताईचा हॉल. माणूस नोंदणीत शिरला की प्लास्टरच्या खोलीत त्याच्या उरलेल्या पायाचा साचा घेतला जाई. मग त्याला घरी पाठवत. साचा वर्कशॉपमध्ये आपल्या पाळीची वाट बघत पडून राही. पाळी आली की त्यावर प्लास्टिक तापवून सॉकेट बनवत, म्हणजे पाय ज्यात बसतो तो कप. त्याला नळी आणि पाऊल जोडलं की माणसाला बोलावणं जाई. थंडीत साचा दिलेल्या माणसाला पाय मिळेपर्यंत उन्हाळा लागायचा, आणि हा काळ वर्षागणिक वाढत चालला होता. नोंदणीच्या खिडकीसमोर कुबड्यांचा खडखडाट दिवसभर थांबत नसे.

एके दिवशी व्यवस्थापकांनी तिला बोलावलं. त्यांना सगळे साहेब म्हणत, पण त्यात धाक कमी आणि सवय जास्त होती.

"विश्वस्त नवं यंत्र घ्यायला तयार झालेत," साहेब उभ्या उभ्याच म्हणाले. "कॅमेऱ्याने माप घेणारं. पाय समोर धरला की काम झालं. फक्त त्यांची एक अट आहे. इथल्या कुणीतरी हा कोर्स करायचा आणि यंत्र आल्यावर कामाची पद्धत कशी बदलायची ते ठरवायचं."

तिने कागद वाचला. संस्थेतल्या बदलासाठी बिझनेस अ‍ॅनॅलिसिस, असं त्यावर छापलं होतं.

"साहेब, मला माणसं चालवता येतात. धंदा नाही चालवता येत."

"मीच जाणार होतो. पण दिवसभर खुर्चीत बसायचं नाही असं मला कुणी बजावलंय?"

तिनेच बजावलं होतं. साहेबांच्या पाठदुखीवर तीच उपचार करत होती. तिने कागद पिशवीत टाकला.

घरी जेवताना सासूबाईंनी विचारलं, "कसला कोर्स म्हणालीस?"

"एखादी संस्था काम कसं करते ते नीट बघायचं, कुठे अडतंय ते शोधायचं आणि काय बदलायला हवं ते सगळ्यांच्या गळी उतरवायचं."

"म्हणजे सून घरात आली की सासू करते तेच," सासूबाई म्हणाल्या. नवऱ्याला ठसका लागला. सासूबाईंनी अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली होती आणि वाक्य कुठे तोडायचं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

कोर्स रविवारी असायचा. वर्गात बँकेतले होते, विम्यातले होते, गोदामं सांभाळणारे होते. शिकवणाऱ्या बाई ठेंगण्या, घोगऱ्या आवाजाच्या. त्यांनी अनेक वर्षं विमानतळावर हरवलेल्या बॅगांच्या विभागात काढली होती. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "लोक तुमच्याकडे गरज घेऊन येत नाहीत, उत्तर घेऊन येतात. यंत्र हवंय, सॉफ्टवेअर हवंय, आणखी माणसं हवीत. ही सगळी उत्तरं झाली. प्रश्न काय होता, ते एव्हाना सगळे विसरलेले असतात. तो शोधून काढणं हे तुमचं काम."

चालताईला हे पटकन पटलं. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या माणसाची कंबर तपासायची असते, हे ती रोज करतच होती. पण रोजचं काम आणि शिकलेलं काम यांत फरक असतो, हे तिला पुढच्याच रविवारी कळलं. सगळ्यांनी आपापल्या संस्थेत काम कसं पुढे सरकतं त्याचं चित्र काढून आणायचं होतं. तिने छान चौकोन आखले, रंगीत बाण काढले. नोंदणी, साचा, सॉकेट, जोडणी, चालण्याचा सराव. एका रेषेत, डावीकडून उजवीकडे.

बाईंनी चित्र हातात धरून विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? मी इतकी वर्षं तिथे आहे."

"मग हे तुमच्या डोक्यातलं केंद्र आहे. खरं केंद्र बघून या."

ती जरा दुखावलीच. पण सोमवारी तिने पाटी, कागद आणि स्टॉपवॉच घेतलं आणि प्लास्टरच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

तिथे मास्तरांचं राज्य होतं. प्लास्टर मास्तर कोपरापर्यंत कायम पांढरे असत, आणि त्यांच्या हातात जाताच रडवेली माणसं शांत होत. ओल्या पट्ट्या गुंडाळताना ते माणसाशी त्याच्या घरच्या गोष्टी बोलत राहत. चालताईशी त्यांची दुपारच्या चहाची जुनी दोस्ती होती. त्या दिवशी त्यांनी तिच्या हातातलं घड्याळ बघितलं आणि बोलणं थांबवलं.

"हे काय आहे?"

"कोर्सचा अभ्यास, मास्तर. कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते बघायचंय."

"यंत्र येणार आहे म्हणे."

"हो, पण..."

"मग माझा वेळ कशाला मोजतेस? तो तर संपलाच." त्यांनी पट्टी बादलीत बुडवली आणि पाठ फिरवली.

त्या दुपारी चहाला ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी तिने स्वतः कप नेऊन दिला, तर तो गार होऊन तसाच परत आला. केंद्रभर बातमी पसरली होती की चालताई साहेबांची माणूस झाली, आता कुणाकुणाची गच्छंती होते बघा. वर्कशॉपमध्ये प्लास्टिक तापवणाऱ्या भट्टीवाल्या काकांनी तर तिला बघून दार लोटून घेतलं.

रविवारी बाईंनी संबंधितांचा नकाशा शिकवला. बदलाचा पाय कुणाच्या पोटावर, कुणाच्या मानावर आणि कुणाच्या नुसत्या सवयीवर पडणार आहे ते आधी मांडायचं आणि मगच तोंड उघडायचं, असं त्या म्हणाल्या. तिने मास्तरांचं नाव कागदाच्या मधोमध लिहिलं आणि बराच वेळ त्याकडे बघत बसली. तिने नेमकं उलट केलं होतं.

घरी येऊन ती स्वयंपाकघरात बसली. सासूबाई शेंगा सोलत होत्या. तिने सगळं सांगितलं.

"तू त्यांना काय विचारलंस?"

"तुमच्या कामाला किती वेळ लागतो ते."

"आमच्याकडे लोक तक्रार करायला फोन करायचे. नवीन मुली लगेच नंबर विचारायच्या, पत्ता विचारायच्या. लोक आणखी भडकायचे. मी नुसतं म्हणायची, बोला. आणि गप्प बसायची." त्यांनी शेंग मोडली. "लोकांना गप्प बसणारं माणूस मिळत नाही गं."

दुसऱ्या दिवशी ती मोकळ्या हाताने गेली. खुंटीवरचा जुना एप्रन अंगात घातला आणि एका म्हाताऱ्या बाईंचा पाय धरून उभी राहिली, म्हणजे मास्तरांना दोन्ही हात मोकळे मिळावेत. ते काही बोलले नाहीत, पण जा असंही म्हणाले नाहीत. दुपारपर्यंत तिने बादल्या धुतल्या, पट्ट्या कापल्या. खोली रिकामी झाल्यावर ती स्टुलावर बसली.

"मास्तर, घड्याळाचं चुकलंच माझं. मला एकच सांगा. या कामात तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?"

त्यांनी हात धुतले. पुसले. पुन्हा धुतले. ती गप्प बसली, आणि ते तिला फार जड गेलं.

"ये," ते शेवटी म्हणाले.

खोलीच्या मागे पत्र्याच्या आडोशाखाली साच्यांचा ढीग होता. पांढरे, पिवळट पडलेले, काहींवर शेवाळ धरलेलं. शेकडो पाय एकमेकांवर रचून ठेवल्यासारखे.

"हे परत आलेले," मास्तर म्हणाले. "सॉकेट बसलं नाही, सैल झालं, घासलं. पुन्हा साचा घ्या. एकाच माणसाचे दोनदा, कधी तीनदा. पूर्वी असं क्वचित व्हायचं. आता निम्मे परत येतात." ते ढिगाकडे बघत होते. "माझे हात गेलेत, ताई. कुणी तोंडावर बोलत नाही एवढंच. म्हणून यंत्राला मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

या माणसाच्या हातांवर तिचा जेवढा विश्वास होता, तेवढा स्वतःच्या हातांवरही नव्हता.

त्याच आठवड्यात पंच आले. ते शाळांच्या फुटबॉल सामन्यांमध्ये पंच म्हणून काम करत. मोटारसायकलच्या अपघातात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. थंडीत साचा देऊन गेले होते, आणि आता नवा पाय घ्यायला बायकोला घेऊन आले होते. चालताईने पाय चढवला. दुसऱ्या पावलालाच तो गरकन फिरला.

"हा माझा नाही," पंच म्हणाले. "कुणा शेजाऱ्याचा असेल." बायको हसली, पण तिचे डोळे भरले होते.

एरवी चालताईने पुन्हा साचा घ्यायला सांगून त्यांना नोंदणीकडे पाठवलं असतं आणि पुढच्या माणसाला आत घेतलं असतं. या वेळी तिने हॉल सहकारिणीवर सोपवला आणि स्वतः पंचांबरोबर निघाली. बाईंनी सांगितलं होतं, कामाच्या मागे जायचं असेल तर ज्याच्यासाठी काम चाललंय त्याच्या मागे जा. त्यांच्याबरोबर ती अंगण ओलांडून नोंदणीपर्यंत गेली, बाकावर बसली, खिडकीतून मिळालेलं "पुन्हा साचा, मग वर्कशॉपची पाळी" हे उत्तर तिनेही ऐकलं. आपल्या हॉलमधून गेलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे तिने आजवर कधी पाहिलंच नव्हतं.

मग ती त्यांना घेऊन मास्तरांकडे गेली. "यांचा जुना साचा सापडेल?"

मास्तर नाखुशीनेच गेले, पण साचा घेऊन आले. तिने तो पंचांच्या पायाशेजारी धरला. मास्तर वाकले. साचा चांगला जाड होता. पाय बारीक होता.

मास्तरांनी बोटांनी आधी साचा चाचपला, मग पाय. पुन्हा साचा.

"माझा साचा..."

"तुमचा साचा बरोबर होता, मास्तर. ज्या दिवशी घेतलात त्या दिवशी अगदी बरोबर होता. त्यानंतर पाय बदलला."

पाय कापल्यावर सूज हळूहळू उतरत जाते, उरलेला पाय महिनोन्महिने बारीक होत राहतो. हे तिला कॉलेजात शिकवलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळाले होते. मास्तरांनाही ते माहीत होतं. पण साचा एका खोलीत आणि पाय दुसऱ्या खोलीत, आणि मध्ये कित्येक महिने. दोघांना शेजारी ठेवून कुणी बघितलंच नव्हतं.

मास्तर स्टुलावर बसले. त्यांनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर पालथे ठेवले आणि काही वेळ नुसते त्यांच्याकडे बघत राहिले.

"आपल्याला चहा हवाय," ते शेवटी म्हणाले. "पंचांनाही द्या."

त्या रविवारी तिने वर्गात नवं चित्र लावलं. त्यात रंग नव्हते. हॉलमधून एक जाड बाण उलटा नोंदणीपर्यंत गेला होता. पाय बसला नाही की माणूस पुन्हा रांगेत जातो. तो गेला की रांग लांबते. रांग लांबली की साचा जास्त दिवस पडून राहतो. साचा पडून राहिला की पाय बदलतो, आणि पुन्हा पाय बसत नाही.

"आणि यंत्र आलं तर?" बाईंनी विचारलं.

"माप झटपट होईल. म्हणजे जास्त साचे वर्कशॉपसमोर पडून राहतील." तिला हे बोलता बोलताच उमगत होतं. "म्हणजे आणखी पाय परत येतील."

गोदामवाला पुटपुटला, "आमच्याकडे पण असंच आहे, फक्त पाय नाहीत."

आता साहेबांना सांगायचं होतं, आणि साहेबांनी यंत्रासाठी विश्वस्तांपुढे आपली पत लावली होती. तिने चित्र नेलं नाही. त्यांच्या पाठीला शेक देता देता तिने विचारलं, "साहेब, यंत्र का हवंय आपल्याला?"

"माप लवकर व्हावं म्हणून."

"ते का?"

"रांग कमी होईल म्हणून."

"आणि रांग का कमी व्हायला हवी?"

"काय विचारतेस? लोक ताटकळतात म्हणून."

"त्याचा तुम्हाला का त्रास होतो?"

साहेब पालथे पडले होते, त्यामुळे त्यांचा चेहरा दिसत नव्हता. त्यांनी उशी जवळ ओढली. मग हळूच म्हणाले, "पाय बसला नाही म्हणून परत जाणाऱ्यांना मीच समजावतो ना. गेल्या महिन्यात एकाची आई माझ्या पाया पडली. मला बघवत नाही आता."

"मग आपल्याला यंत्र नकोय, साहेब. पहिल्या खेपेला बसणारा पाय हवाय."

तिने ढिगाची गोष्ट सांगितली, पंचांचा साचा सांगितला. साहेब उठून बसले, ज्याची त्यांना मनाई होती, आणि चपला न घालताच तिच्याबरोबर पत्र्याच्या आडोशापर्यंत गेले. ढीग त्यांनीही प्रथमच पाहिला. परत येताना ते एवढंच म्हणाले, "विश्वस्तांना थांबवून धरणं माझ्याकडे लागलं. करून दाखवणं तुमच्याकडे."

दुसऱ्या दिवशी सगळे तिच्या हॉलमध्ये जमले. या वेळी ती फळ्याजवळ उभी राहिली नाही, खडू तिने मास्तरांच्या हातात दिला.

"साचा आधी घेऊन ठेवायचाच कशाला?" मास्तर म्हणाले. "सॉकेट ज्या आठवड्यात होणार, त्याच आठवड्यात साचा घेऊ. साचा ओला असतानाच वर्कशॉपला जाईल."

"तोवर माणसांनी घरी नुसतं बसायचं?" साहेबांनी विचारलं.

"नुसतं नाही," चालताई म्हणाली. "नोंदणीच्या दिवशीच मी त्यांना उरलेल्या पायाला घट्ट पट्टी बांधायला शिकवेन, व्यायाम देईन. सूज लवकर उतरेल. पाय एका मापावर ठरला की मग बोलवायचं."

भट्टीवाले काका हाताची घडी घालून भिंतीला टेकले होते. "बोलायला सगळं छान आहे. पण एका पायासाठी मी भट्टी तापवणार नाही. दहा साचे जमले की तापवतो, नाहीतर सगळा दिवस तापवण्यातच जाईल. म्हणून तर साचे पडून राहतात. मला हौस नाही."

चालताईने मास्तरांकडे बघितलं. ही अडचण तिच्या कुठल्याच चित्रात नव्हती, कारण काकांचं दार बंद होतं आणि ती ते ठोठावायला गेली नव्हती.

"मग साचे कशाला जमवायचे, काका? माणसंच जमवू," ती म्हणाली. "दहा जणांना एकदम बोलावू. शेजारच्या वसतिगृहात राहतील. एकाच आठवड्यात साचा, सॉकेट, सराव. तुमची भट्टीही भरलेली आणि कुणाचा पायही बदललेला नाही."

काकांनी हाताची घडी सोडली. "हे आधी कुणी विचारलं असतं तर मी कधीच सांगितलं असतं," ते म्हणाले, आणि तिला ते कबूल करावं लागलं.

सुरुवात सोपी गेली नाही. लोकांना साचा हवा असे. साचा दिला की काहीतरी झाल्यासारखं वाटायचं. नुसती पट्टी घेऊन परत जाणं म्हणजे बोळवण वाटायची. पंचांनीच सगळ्यांत जास्त आवाज चढवला. चालताईने त्यांच्यापुढे त्यांचाच साचा ठेवला आणि म्हणाली, "पुन्हा शेजाऱ्याचा पाय हवाय, की स्वतःचा?" ते गुरगुरले, पण पट्टी बांधायला शिकले. इतकं नीट शिकले की पुढे बाकावरच्या इतरांना तेच शिकवू लागले, आणि चुकलं की हवेत कार्ड दाखवल्यासारखा हात वर करू लागले.

पहिला गट आला त्या आठवड्यात प्लास्टरची खोली आणि हॉल यांतलं अंतर नकोसं झालं. मास्तरांनी आपली बादली, स्टूल, पट्ट्या उचलल्या आणि सगळं चालताईच्या हॉलच्या एका कोपऱ्यात मांडलं. तिच्या स्वच्छ फरशीवर प्लास्टरचे ठिपके पडू लागले. तिने फडकं उचललं आणि पुन्हा ठेवून दिलं.

गुरुवारी पंच दांड्यांच्या मध्ये उभे राहिले. नवा पाय चढवला होता. मास्तर कोपऱ्यात हात पुसत होते. तेव्हा तिच्या लक्षात आलं की या माणसाने आयुष्यभर पाय घडवले, पण त्याने घडवलेल्या पायावर कुणाला चालताना त्याने कधीच बघितलं नव्हतं. त्यांची खोली त्या टोकाला होती, आणि माणसं या टोकाला चालत होती.

"मास्तर, इकडे या," ती म्हणाली. "इथून दिसेल."

पंचांनी पहिलं पाऊल टाकलं. दुसरं. तिसऱ्याला त्यांनी तोंड वाकडं केलं. "आतल्या बाजूला टोचतंय."

चालताई पुढे सरकली. पण मास्तर तोवर फरशीवर गुडघे टेकून बसले होते. "पुन्हा चला. थांबा. इथे का?" त्यांनी पेन्सिलने एक खूण केली, पाय उतरवला, वर्कशॉपमध्ये भट्टीवाल्या काकांकडे गेले. लागलीच दोघेही परत आले, काकांच्या हातात अजून कोमट असलेलं सॉकेट. पूर्वी याच टोचण्यासाठी माणूस पुन्हा रांगेच्या शेपटाला गेला असता.

पंच पुन्हा उभे राहिले. एक पाऊल, दुसरं, तिसरं, चौथं. दांड्यांच्या टोकापर्यंत गेले, वळले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी दोन्ही हात दांड्यांवरून उचलले आणि मोकळ्या जागेतून सरळ बायकोकडे चालत गेले. तिने पर्स छातीशी घट्ट धरली होती. ते पोहोचल्यावर तिने आधी त्यांच्या दंडावर एक चापट मारली आणि मग रडली.

मास्तर अजून गुडघ्यांवरच होते. प्लास्टर उडून पांढऱ्या झालेल्या त्यांच्या गालांवर दोन ओल्या रेघा उमटल्या होत्या आणि त्या पुसायचं त्यांना सुचलं नाही. "चालतात," ते स्वतःशी म्हणाले. "किती छान चालतात."

त्या गटातल्या एकाचाही पाय परत आला नाही. पुढच्या गटात एकीचा आला. तो का आला ते सगळ्यांनी मिळून शोधलं आणि पट्टी बांधायची पद्धत थोडी बदलली. त्यानंतरच्या गटातला पुन्हा एकही पाय परत आला नाही. पाऊस सरेपर्यंत नोंदणीच्या खिडकीतला माणूस नव्या लोकांना त्याच ऋतूतली तारीख देऊ लागला, आणि दरवेळी आपण चुकून बोललो की काय असं वाटून पुन्हा तपासू लागला.

विश्वस्त आले तेव्हा साहेबांनी चालताईला बोलायला सांगितलं. ती म्हणाली, "चित्र मास्तर समजावतील, भट्टीचं काका सांगतील. मी फक्त सुरुवात करते." मास्तरांनी खडूने उलटा बाण काढला आणि आपल्या ढिगाबद्दल सगळं सांगितलं, काही न लपवता, मान वर करून. काकांनी माणसं जमवण्याची युक्ती इतक्या अभिमानाने सांगितली की ती मुळात त्यांचीच असावी असं वाटलं, आणि चालताईने ती त्यांच्याकडेच राहू दिली.

सगळ्यात वयस्क विश्वस्त बाईंनी विचारलं, "मग यंत्राचं काय करायचं?"

"आज ते आलं तर जिथे अडत नाही तिथे ते बसेल," चालताई म्हणाली. "आता अडतंय ते वसतिगृहात. खाटा कमी पडतात. त्या वाढवल्या तर दर आठवड्याला दोन गट चालतील. पुढे कधी मापालाच उशीर व्हायला लागला, तर यंत्र मागायला मी स्वतः येईन."

विश्वस्त एकमेकांकडे बघू लागले. मग त्या बाईंनी विचारलं, पलीकडच्या दोन केंद्रांनाही हे शिकवाल का. साहेब तिच्याआधीच हो म्हणाले, आणि मग तिच्याकडे बघून ओशाळले.

"मास्तर बरोबर येणार असतील तर," ती म्हणाली.

"मला एसटीत झोप येते," मास्तर म्हणाले. "पण येतो."

बैठक संपली तेव्हा हॉलमध्ये त्या आठवड्याचा गट निघायच्या तयारीत होता. दहाही जण नव्या पायांवर उभे होते. कुणी काठी घेऊन, कुणी नुसताच, एकजण उगाचच भिंतीला धरून. सामान बांधलेलं होतं, बाहेर घरची माणसं थांबली होती. चालताई दारात उभी राहून प्रत्येकाची चाल बघत होती, कुणाला खांदा सरळ ठेवायला सांगत होती, कुणाला घाई करू नका म्हणत होती. मास्तर तिच्याशेजारी येऊन उभे राहिले, तसेच पांढऱ्या हातांनी. मग कुणीतरी चालायला सुरुवात केली आणि बाकीचे त्याच्यामागून निघाले, अंगणातून, नोंदणीच्या खिडकीवरून, फाटकाकडे. नोंदणीसमोर बसलेले लोक मान वळवून बघू लागले. कुणी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या, आणि भट्टीवाले काका वर्कशॉपच्या दारात हातमोजे घालूनच टाळ्या वाजवत होते. फाटक पुरतं उघडलं गेलं आणि ते दहा जण रस्त्यावर आले, आपापल्या घराच्या दिशेने, आपापल्या पायांनी.